बघायचा मासा

आमच्या घरात मासा यायचा तो आईच्या पाटीतून. सीवूड्सच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती, सासूकडून तिच्याकडे आलेली, आणि दुपार कलली की उरलेला माल घेऊन ती गावठाणातल्या आमच्या घरी यायची. उंबऱ्याशी पाटी टेकवायची, कमरेला हात लावून सरळ व्हायची आणि पाण्याचा घोटही न घेता विचारायची, "जेवल्या का गो पोरी?" आम्ही हो म्हटलं तरी तिला ते पटायचं नाही. मग मोरीत विळीवर मांदेली साफ व्हायची, तव्यात तेल चरचरायचं, तांदळाची भाकरी फुगायची आणि नुकत्याच जेवलेल्या आम्ही दोघी बहिणी पुन्हा ताटावर बसायचो. बिल्डिंगमधल्या बायका निवटे घेत नसत. चिखलात उड्या मारणारा तो बुळबुळीत मासा त्यांना बघवायचा नाही, म्हणून निवटे बहुतेक वेळा आमच्याच वाट्याला यायचे. चिंच आणि लसूण घालून केलेल्या त्या कालवणाची चव मला आता कुणाला सांगून समजावता येत नाही. माझ्या मुलीने ते कधी खाल्लेलं नाही. आई माया बोलून दाखवणारी नव्हती. ती वाढायची. कुणावर रागावली तर त्याच्या ताटात जास्तच वाढायची आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहायची.

पप्पांनी तरुणपणी खाडीत होडी चालवली होती. खाडीत भराव पडला, इमारती उठल्या, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत लागले. होडी विकल्यापासून ते जेट्टीकडे फिरकले नाहीत. तिकडून यायचा रस्ता जवळचा असला तरी ते वळसा घालून येत. घरात त्यांचा आवाज क्वचित ऐकू यायचा. पाळीवरून आले की सायकल भिंतीला लावायचे, पाय धुवायचे आणि पेपर घेऊन बसायचे. रागही त्यांना फारसा येत नसे, आणि म्हणूनच तो आला की काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

माशांची टाकी आली ती वरच्या मजल्यावरून. तिथे जहाजावर नोकरी करणारे एक इंजिनिअर भाड्याने राहायचे. ते बोटीवर गेले की त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे ताई बघायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण हर्षदा. वाशीच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकत होती. इंजिनिअरसाहेब गाव सोडून कोचीला निघाले, तेव्हा एवढी अवजड टाकी नेणं त्यांना जमेना. जाताना ते टाकी ताईला देऊन गेले, आतले गुलाबी कवचाचे दगड आणि दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे यांच्यासकट. टीव्ही कोपऱ्यात सरकला आणि त्याच्या जागी टाकी बसली. त्या दिवसापासून आमच्या घराला एक नवा आवाज आला. पंपाची घरघर आणि तिच्याखाली पाण्याचं बारीक बुडबुडणं. शेजारच्या बायका बघायला आल्या तेव्हा आई त्यांना सांगत होती, "शिजवाचा नाय, इकाचा नाय. बघाचा मासा हाय हा." पप्पांना वेगळंच हसू आलं. टाकीसाठी मीठसुद्धा पाकिटातून आणावं लागतं हे कळल्यावर ते म्हणाले, "माझ्या आज्याचा जन्म मिठागरात गेला आणि माझी पोरगी मीठ दुकानातून आणते." ते हसले म्हणून ताईही हसली. तिचं तसं मोकळं हसणं त्यानंतर बराच काळ ऐकल्याचं मला आठवत नाही.

तिचं खाणं कशामुळे कमी झालं ते मला आजही सांगता येत नाही. मेडिकलला नंबर लागला नव्हता, ते एक. चुलत बहिणीच्या हळदीत कुणीतरी तिच्या दंडाला चिमटा काढून काही बोललं होतं, तेही मला आठवतं. पण अशा गोष्टी सगळ्याच मुलींच्या वाट्याला येतात. आधी तिचा भात सुटला, मग तळलेलं सुटलं, मग भाकरी अर्धी झाली आणि अर्धीची पाव. कॉलेजात खाल्लं, मैत्रिणीकडे खाल्लं, पोट बिघडलंय, अशी उत्तरं तिच्या तोंडी तयार असायची. मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची. हात वर केला की बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरायच्या. आईने नजर काढली, देवीला नारळ फोडला आणि सवयीप्रमाणे ताटात जास्त वाढायला लागली. ताई ते ताट घेऊन टाकीसमोर बसायची, आणि थोड्या वेळाने मागच्या दाराशी मांजरं जमायची. आज या आजाराचं नाव शाळेतल्या मुलींनाही ठाऊक असतं. आमच्या गल्लीत तेव्हा त्याला एकच नाव होतं, नाटकं.

तिच्या वाढदिवसाला पप्पा कंपनीतून थेट वाशीच्या एका दुकानात गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक मासा घेऊन आले. बोटाएवढा होता. निळ्या अंगावर हिरव्या आणि केशरी नागमोडी रेघा, जणू कुणी बसून कशिदा काढलाय, बेडकासारखे वर आलेले डोळे, आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखे सतत थरथरणारे पर. आम्ही सगळेच पिशवीवर वाकलो.

"निवट्यासारका दिसतंय," आई म्हणाली. "निवटा लग्नाला निगालाय."

मीही हसले. ताई मात्र पिशवी उजेडाला धरून माशाकडे बघत होती. पप्पा तिच्याकडे बघत होते. कधी नव्हे ते स्वतः दुकानात जाऊन त्यांनी काहीतरी निवडून आणलं होतं.

"आवडला नाय काय?" त्यांनी विचारलं.

"खूप छान आहे, पप्पा. पण हा मॅन्डरिन आहे. हा आपल्याकडे जगणार नाही."

"का? दुकानवाला बोलला, सब खाता है."

"नाही खात. याला जिवंत बारीक जीव लागतात, दगडावर असतात ते. दिवसभर तेच टिपतो. आपल्या टाकीत आहेत तेवढे हा थोड्या दिवसांत संपवेल. मग आपण वरून काहीही टाकलं तरी त्याला तोंड लावणार नाही."

"परत देऊन येऊ?"

ताईने टाकीचं झाकण सरकवलं. मग पिशवी टाकीत तरंगत ठेवून म्हणाली, "नको. तिथे तर लवकर मरेल."

तिथून तिचा दिवसाचा क्रम बदलला. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या गोळा करून तिने गच्चीवर रांगेत मांडल्या. काहींत त्या बारीक जिवांच्या खाण्यासाठी खारं पाणी उन्हात ठेवून हिरवं केलं आणि बाकीच्यांत कॉलेजच्या लॅबमधून आणलेले जीव सोडले. कोपेपॉड, तिने मला शिकवलेलं नाव. बाटली उजेडात धरली की पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसायचे. आई त्यांना पाण्यातल्या उवा म्हणायची. ताई मलमलच्या फडक्यातून पाणी गाळायची, फडक्यावर उरलेला तो पांढुरका लेप चमच्याने पेल्यात घ्यायची आणि पंप बंद करून दगडांच्या फटीत हळूच सोडायची. मग निवटा यायचा, घरात त्या माशाला आईने दिलेलं हेच नाव पडलं होतं. तो इतर माशांसारखा पाण्यात पोहायचा नाही, दगडाच्या अंगालगत तरंगत सरकायचा, थांबायचा, डोळे फिरवायचा आणि टुचकन काहीतरी टिपायचा. ताई काचेला कपाळ लावून त्याचं पोट बघत बसायची. "आत गेलेलं नाही ना गं? तू बघ. बाजूने बघ," असं मला पुन्हा पुन्हा विचारायची. पोट गोल दिसलं की तिचा चेहरा सैल व्हायचा, आणि तिच्या गालांची हाडं मला तेव्हाच सगळ्यात जास्त दिसायची.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणारा लगेच मासा आणि ताई यांची जोडी लावतो आणि समजल्यासारखी मान हलवतो. ताईला ते कधीच आवडलेलं नाही. एकदा, खूप वर्षांनी, ती मला म्हणाली, "त्याला खायचं होतं, मिळत नव्हतं. माझं तसं नव्हतं." 

पण ही जोडी सगळ्यात आधी लावली ती पप्पांनी. तो रविवार होता. आईने कोलंबीचं कालवण केलं होतं आणि बऱ्याच दिवसांनी चौघं एकत्र बसलो होतो. ताईने भाताची चार शितं ताटात इकडून तिकडे सरकवली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून ती उठायला लागली.

"बस," पप्पा म्हणाले.

"पोट भरलं माझं."

"बस म्हनतो ना." आवाज चढलेला नव्हता. "त्या निवट्याने एक दिवस खाल्लं नाय तर तुझा जीव वरखाली होतो. आनि तुझी आई रोज ताट वाढून बसते, तिचं काय?"

"त्याचा काय संबंध इथे?"

"संबंध मी दाखवतो. आज तू जेवलीस तर तो जेवेल. तू नाय, तर तो पन नाय."

आई म्हणाली, "अवो, जाऊ दे. पोरीशी असा बोलू नको." पप्पांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ताई उभीच राहिली. तिने ताटाकडे बघितलं, मला वाटलं आता बसेल, आणि तिलाही बसायचं होतं असं मला अजून वाटतं. पण ती बसली नाही. पप्पा उठले, उष्ट्या हाताने गच्चीवर गेले, बाटल्या दोन-दोन करून खाली आणल्या आणि एकेक बूच काढून मोरीत ओतल्या. घरभर खाडीसारखा वास सुटला. हिरवं पाणी मोरीतून गोल फिरत गेलं. ताई ओरडली नाही. सगळ्या बाटल्या रिकाम्या होईपर्यंत ती दारात उभी होती. मग मोरीत उकिडवी बसली आणि ओढणीचा पदर जाळीवर दाबून, राहिलेलं पाणी पिळून पिळून पेल्यात घ्यायला लागली. पाण्यात आईच्या भांड्यांचा साबण होता. त्यात जगण्यासारखं काही उरलेलं नाही हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पप्पा रिकामी बाटली हातात धरून तिच्या मागे उभे होते. ओल्या ड्रेसमधून तिच्या पाठीचा एकेक मणका दिसत होता. त्यांनी तो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला असावा.

त्यानंतर ताईने खाण्याचं सोंगही सोडून दिलं. बोलणंही. थोड्याच दिवसांत ती कॉलेजच्या जिन्यात कोसळली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथली डॉक्टर तरुण होती. तिने आईपप्पांना खुर्चीवर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की हा हट्ट नाही, आजार आहे, हृदयावर ताण आलाय, आणि बरं व्हायला खूप वेळ लागेल.

आईला ते पटेना. "माज्या घरान अन्नाची कमी नाय," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "आमी कोली मानसं. माज्या घरान पोर उपाशी कशी राहील?"

"तुमची चूक आहे असं मी म्हणतच नाहीये," डॉक्टर म्हणाली. "पण आता तिला आग्रह करू नका. जेवणावरून काहीच बोलू नका. तिच्या ताटाकडे बघूसुद्धा नका."

आई माझ्याकडे बघायला लागली, जणू ही बाई कुठल्या परक्या भाषेत बोलतेय आणि मी तिला त्याचा अर्थ सांगावा. पप्पा जमिनीकडे बघत होते.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर ते टाकीसमोर उभे राहिले. निवट्याचं पोट आत गेलं होतं. अंगावरच्या रेघा तशाच झगझगीत होत्या, पण डोक्यामागे खळगा पडला होता आणि तो एकाच दगडाशी टेकून बसला होता. "हिचं ते कसं असतं, गाळायचं वगैरे, तुला येतं?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत, ते बारीक जीव खाडीतून आणायचं त्यांनी ठरवलं होतं. खाडीतलं पाणी चालणार नाही, त्यात कंपन्यांचं काय काय येतं, असं मी सांगायला लागले तर म्हणाले, "काय येतं ते मला सांगतेस? सोडनारा मीच हाय." आईची जुनी मलमल आणि झाकणाचा डबा घेऊन ते निघाले. वळसा न घालता सरळ जेट्टीच्या रस्त्याला लागताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. जुन्या सोबत्याची होडी घेऊन ते उरणच्या बाजूला, खाडीचं तोंड समुद्राला मिळतं तिथवर गेले आणि उन्हाने काळे होऊन संध्याकाळी परतले. डब्यातलं पाणी उजेडात धरलं तर त्यात पांढरे ठिपके झटके देत पळत होते. ते कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिले. सगळं तरुणपण त्याच पाण्यावर घालवलेल्या माणसाने एवढं बारीक काही कधी बघितलं नसणार.

मी शिकवलं आणि ते शिकले. ताईसारखीच बाटल्यांची रांग गच्चीवर उभी राहिली. सुट्टीच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी जाणं, गाळणं, त्या जिवांना स्वच्छ खाऱ्या पाण्यात सावकाश सरावू देणं, सगळं ते करत. फडकं त्यांच्या जाड बोटांत नीट धरलं जायचं नाही. पण हळूहळू निवट्याचं पोट भरत आलं, खळगा बुजला, तो पुन्हा दगडांवरून सरकायला लागला. ज्या दिवशी तो गोल दिसला त्या दिवशी पप्पांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मला घेऊन दवाखान्यात गेले. ताई उशीला टेकून बसली होती. नाकातली नळी निघाली होती, पण हाताला सलाईनची पट्टी होती.

"तुझा निवटा खातो आता," ते म्हणाले. "मस्त गोल झालाय. विचार हिला."

ताईने मला विचारलं नाही. तिने पप्पांकडे बघितलं, त्यांच्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे, आणि मग तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आता तुमचाच आहे तो," ती म्हणाली.

 पप्पांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली आणि बाहेर गेले.  माफी मागायला त्यांच्याकडे जेवढं होतं ते सगळं घेऊन ते गेले होते, हे मला आता कळतं. तेव्हा मला ताईचा राग आला होता.

ती बरी झाली, म्हणजे जगली. घरी आली, परीक्षा दिली, पुन्हा घसरली, पुन्हा सावरली, आणि मग पुण्याला एका लॅबमध्ये नोकरी लागून निघून गेली. घरात होती तोवर तिने टाकीला हात लावला नाही, काचेजवळही गेली नाही. आणि पप्पांसमोर ती जेवली नाही. ते घरात असले की तिला भूक नसायची, ते कामावर गेले की स्वयंपाकघरात उभ्याने काहीतरी खायची. आईने आग्रह सोडला, पण त्यासाठी तिला तोंडात पदर धरावा लागायचा हे मी स्वतः बघितलंय. मी आता माझ्या मुलीच्या ताटाकडे बघत नाही. बघायचं नाही हे ठरवून बसावं लागतं, आणि तिला ते कळतं, आणि ती विचारते, "काय झालं आई?" मी म्हणते, काही नाही.

निवटा मात्र जगला. दुकानवाल्यालाही खरं वाटेना इतका जगला. पप्पा रिटायर झाले तरी खाडीच्या तोंडाशी जाणं चालू होतं. गावातले लोक हसायचे की हा म्हातारा जाळं न घेता फडकं घेऊन मासेमारीला जातो. ताई दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, पप्पांशी हवेपाण्याचं बोलायची. तिने निवट्याबद्दल विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग एका सकाळी निवटा दगडाखाली आडवा झालेला दिसला. मी तेव्हा माहेरी आले होते. पप्पांनी त्याला फडक्यावर घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि माझ्याकडून फोन मागून घेऊन ताईला लावला. एरवी तिला फोन करायचा तो आई करायची.

"निवटा गेला," ते म्हणाले. फडकं त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. मग ते म्हणाले, "पोट भरलेलं होतं त्याचं."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. दुपारच्या वेळी ताई दारात उभी होती, खांद्याला ऑफिसची पर्स, अंगावर ऑफिसचेच कपडे.  आई चुलीशी वळली, आणि त्या दिवशी वाढायचं कुणाला आणि किती हे न कळून पळी हातात धरून थांबली. ताईने फळीवरून स्वतःचं ताट काढलं. भात घेतला, थोडा, बोंबलाचं कालवण घेतलं, तेही थोडंच, आणि येऊन पप्पांच्या समोर बसली. पप्पा अर्ध्या जेवणात होते. त्यांचा घास हातातच राहिला.  मग त्यांनी मान खाली घातली, आपल्या ताटावरची नजर जराही वर न उचलता तो घास तोंडात घातला आणि सावकाश जेवत राहिले, ताई जेवून उठेपर्यंत.